अस्वलाची टोपली कोणी धरायची?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,
मी चिमूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझे वय २४ आहे. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या दोन्ही रेखाकला परीक्षा दिल्या, नंतर ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) पूर्ण केले, नोकरी अद्याप मिळालेली नाही. घरी एक बैलजोडी, एक म्हैस आणि सहा शेळ्या आहेत. मला प्राण्यांची गमतीदार चित्रे काढायला आवडतात : खुर्चीवर बसून चहा पिणारे अस्वल, गॉगल लावलेले मांजर, दात दाखवून हसणारी गाय. लोक पाहतात, एकदा हसतात आणि पुढे जातात. ही चित्रे मोबाईलवर पाहिलेल्या चित्रांसारखीच होतात, हे मलाही कळते. मागच्या महिन्यात मी पाठीवर दप्तर घेऊन शाळेला निघालेला वाघ काढला. माझ्या मोठ्या काकांनी तो पाहिला आणि काही न बोलता ते उठून गेले. त्यांच्या धुऱ्याला (बांधाला) धुरा लागून असलेल्या वावरातला माणूस दोन वर्षांपूर्वी वाघाच्या हल्ल्यात गेला होता. माझे चुकले का? असा प्राणी सुचण्यापासून चित्र पूर्ण होईपर्यंत नेमके काय काय करायचे असते? रंग, कागद आणि किंमत यांबद्दलही सांगावे. बाबा म्हणतात की हा पोरखेळ आता पुरे.

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रासोबत आलेली चारही चित्रे मी टेबलावर मांडून दोन दिवस पाहत होते. रेषेवर तुमचा हात बसलेला आहे आणि रंग कुठे थांबवावा हेही तुम्हाला कळते, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मी अडले ती हसणाऱ्या गाईपाशी. तिच्या तोंडात तुम्ही वर आणि खाली अशा दोन ओळी पांढऱ्याशुभ्र दातांच्या काढल्या आहेत. गाय, बैल, म्हैस, शेळी यांपैकी कोणालाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे कठीण हिरडीची गादी असते, आणि गाय जिभेने गवताचा झुबका ओढून तो खालचे दात व ही गादी यांच्यामध्ये धरून तोडते. बैलबाजारात वय ओळखण्यासाठी जनावर दोनदाती आहे की चारदाती हे पाहणारा शेतकरी खालचाच ओठ ओढून पाहतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. तरीही चित्र काढायला बसलात तेव्हा हे सारे बाजूला राहिले आणि दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रातली गाय तुमच्या हातून उतरली. लोक एकदा हसून पुढे जातात याचे कारण मला त्या दातांमध्ये सापडले.

अस्वलाचेही तसेच झाले आहे. त्याच्या डोळ्याभोवती तुम्ही पांढरा भाग मोठा ठेवला आहे, कारण माणसाचा डोळा तसा असतो आणि बहुतेक व्यंगचित्रांत प्राण्यांनाही तोच डोळा देतात. जनावराच्या डोळ्यातले पांढरे एरवी फारसे दिसत नाही. बैल बिथरला, घाबरला, की ते दिसते. त्यामुळे ज्याने आयुष्यभर बैल हाकले आहेत, त्याला तुमच्या अस्वलाच्या ओठांवर हसू आणि डोळ्यांत भीती दिसते, आणि काय बिघडले आहे ते नेमके सांगता आले नाही तरी त्याचे मन त्या चित्रावर बसत नाही. मांजराला गॉगल लावून तर तुम्ही त्याची सर्वांत बोलकी गोष्ट झाकून टाकली. उन्हात उभ्या चिरेसारखी बारीक होणारी आणि अंधारात गोल फाकणारी त्याची बाहुली हीच त्या प्राण्याची अर्धी गंमत आहे.

गमतीदार प्राणी म्हणजे काय, हे आपल्याकडे प्रत्येक मूल तान्ह्या पोळ्याला शिकते, फक्त त्याला ते शिक्षण वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले जो लाकडी नंदीबैल ओढत नेतात, तो एकदा चित्रकाराच्या नजरेने पाहा. पाय खांबासारखे, त्यांना सांधा नाही, खूर जेमतेम कोरलेले, शेपूट अंगाला चिकटलेले. तरीही वशिंडाचा उठाव, मानेचा ताठा आणि शिंगांचा बाक यांत आपला सुतार चुकत नाही, आणि तेवढ्यावर तो बैल पुरा होतो. मग त्या बैलाच्या पायांखाली चार चाके येतात. कोणत्याही बैलाला चाके नसतात, तरीही चाके आहेत म्हणून हा बैल नव्हे असे म्हणणारे मूल मी पाहिलेले नाही. बाकीचे सारे बैलाचे असल्यामुळे ती चाकेही त्याचीच वाटतात.

गेली ३० वर्षे मी याच एका नियमाने काम करते आहे : एका चित्रात खोटे एकच असावे, आणि त्याच्या आजूबाजूचे सारे इतके खरे असावे की त्या एका खोट्याला उभे राहायला जमीन मिळेल. तुमच्या चहा पिणाऱ्या अस्वलात मी मोजले तर खुर्ची, कप, सदरा, माणसासारखी बैठक, माणसाचा डोळा आणि माणसाचे हसू अशी सहा खोटी निघाली. सहा झाल्यावर अस्वल उरत नाही. अस्वलाचे कातडे पांघरलेला माणूस उरतो, आणि तसा माणूस तुम्ही, मी किंवा मुंबईतला कोणीही काढला तरी एकसारखाच दिसतो.

हा नियम मी एकटीने शोधलेला नाही. निळे घोडे रंगवणाऱ्या फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराचे नाव तुम्ही ए.टी.डी.च्या अभ्यासात ऐकले असेल. त्याचा निळा घोडा आणि उड्या मारणारी पिवळी गाय ही दोन्ही चित्रे १९११ सालची आहेत. त्याआधी त्याने कित्येक वर्षे प्राण्यांची शरीररचना अभ्यासली होती आणि म्युनिकमध्ये तो ती इतरांना शिकवीतही असे. म्हणून घोड्याचा रंग संपूर्ण खोटा असूनही त्या घोड्याच्या मानेचे वजन आपल्याला जाणवते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली व्हर्दूनच्या लढाईत तो मारला गेला तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता, आणि हे आठवले की मला अजूनही वाईट वाटते.

तेव्हा पहिले काम कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बसण्याचे. तिथे चित्र काढायचे नाही, टिपणे काढायची. साध्या वहीत, पेन्सिलीने, जनावर हलायच्या आत जेवढे उतरेल तेवढेच. गाय किंवा म्हैस बसताना पुढचे गुडघे आधी टेकते आणि उठताना मागचा भाग आधी उचलते. घोडा उठताना पुढचे पाय आधी रोवतो. मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलट्या गुडघ्यासारखा वाटतो, तो खरे तर आपल्या टाचेच्या जागेचा सांधा आहे. जनावराचा गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ असतो. एवढे एक समजले की प्राण्याला कसेही बसवले, नाचवले, सायकलवर चढवले तरी त्याचे पाय मोडल्यासारखे दिसत नाहीत. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, ती एकदा जवळून पाहा. मनाची अवस्था ओठांतून दाखवण्याची सवय सोडा आणि ती कान, मान व शेपूट यांवर सोपवा. आपल्या नागपुरी म्हशीची लांब, चपटी, मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलेली शिंगे नुसती नीट काढली तरी ती जणू केस विंचरून समारंभाला निघाली आहे असे वाटते. तिच्यात वरून काही घालावे लागत नाही. नागपूरला जाणे झाले तर मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, एक दिवस काढा. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात पेंढा भरलेले पशुपक्षी आहेत. ते हलत नाहीत, एवढ्यासाठीच ते आपल्याला उपयोगाचे.

कल्पना कुठून येते, हे तुम्ही विचारले आहे. ती बहुतेक वेळा दोन वस्तूंचे काम एकच असल्याचे लक्षात आले की येते. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले होते. तिथले मोठे घड्याळ त्यांनी नंतर रंगवले ते कोंबड्याच्या रूपात, कारण गावाला वेळ सांगण्याचे काम कोंबड्याचे. रोज ठरल्या वेळी येऊन घरी नेणारी बस त्यांना इमानी कुत्र्यासारखी दिसली. ही चित्रे पाहून हसू येते, आणि त्याबरोबर हेही कळते की पाहणाऱ्याला कोंबडा आणि कुत्रा दोघेही घरचे आहेत.

आता प्रक्रियेविषयी. ती एका चित्राच्या हकिकतीतूनच सांगते, कारण मोकळे नियम हातात राहत नाहीत.

काही वर्षांपूर्वी चैत्रात मी जंगलाला लागून असलेल्या एका गावी मुक्कामाला होते. मोहाची फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात, म्हणून बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जमीन मोकळी केलेली असते. अस्वलालाही हीच फुले आवडतात आणि त्याचीही वेळ हीच, त्यामुळे कधी कधी समोरासमोर गाठ पडते आणि बाया जखमी होतात. त्या गावातल्या एका आजीने मला सांगितले की, अस्वलीण आमच्याआधी येऊन वेचून जाते. तिने ‘खाऊन जाते’ म्हटले असते तर मी ते विसरले असते. ‘वेचून’ या शब्दाने चित्र सुरू झाले.

वेचायचे तर टोपली हवी. टोपली हे माझे खोटे ठरले, आणि दुसरे घ्यायचे नाही हे मी स्वतःला बजावले. पहिल्या दोन दिवसांत काड्यापेटीएवढ्या चौकटींत मी ३२ कच्ची रेखाटने केली. सुरुवातीच्या सगळ्या रेखाटनांत अस्वलीण दोन पायांवर उभी होती आणि टोपली तिच्या हातावर होती. ती बाजाराला निघालेली बाई दिसत होती. अस्वल दोन पायांवर उभे राहते, पण फिरते ते चार पायांवर, आणि त्याची पुढची लांब, वाकडी नखे वारूळ उकरण्यासाठी असतात; त्या पंजाने टोपलीचा काठ धरता येत नाही. मग टोपली तोंडात दिली. तेही पटेना. या अस्वलाचे ओठ लांब आणि हलते असतात, वरचे मधले दोन दात त्याला नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. ते तोंड नेहमी कामात असते. टोपली गळ्यात अडकवली तर छातीवरची पांढरी खूण झाकली जाऊ लागली, आणि ती खूण गेली की लांबून अस्वल ओळखू येत नाही.

टोपली कोणी धरायची, या प्रश्नावर मी आठवडाभर अडून होते. उत्तर माझ्या जुन्या वहीतच होते. अस्वलीण आपली पिल्ले पाठीवर घेऊन फिरते, लांब केसांना धरून ती तिथे बसतात. टोपली पिल्लाकडे गेली आणि आईचे चारही पाय जमिनीवर राहिले. त्यानंतर दुसरी अडचण समोर आली, की पिल्लू पाठीवर असेल तर जमिनीवरची फुले टोपलीत येणार कशी? आणि तेव्हा मला जे आधीच ठाऊक होते ते आठवले : फुले वरून गळतात. आईने फक्त झाडाखालून चालायचे, पिल्लाने टोपली धरून ठेवायची, आणि मोहाने ती भरायची. यातले काहीही मी कल्पनेने जोडले नाही. झाडाचा स्वभाव आणि प्राण्याचा स्वभाव यांनीच ती गंमत पुरी केली. दुसरे पिल्लू टोपलीत डोकावते आहे, एवढे मी माझ्या आनंदासाठी घेतले.

यानंतर रंगाला हात लावण्यापूर्वी मी ते चित्र फक्त तीन छटांत केले : कोरा कागद, करडा आणि काळा. पहाटेच्या अंधारात काळे अस्वल कसे दिसणार, हा प्रश्न तिथेच सोडवायचा होता. झाडलेली, राखेने फिकी झालेली जमीन मागे घेतल्यावर अस्वलिणीची आकृती उठून आली. मोहाला फुलोरा येतो तेव्हा झाडावर पाने फार थोडी असतात आणि फुलांचे झुबके फांद्यांच्या टोकांशी असतात, म्हणून वरचे आकाशही मोकळे राहिले. अस्वलाला मी काळा रंग लावला नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांचे घट्ट मिश्रण केले, पाठीवर जिथे आकाशाचा उजेड पडतो तिथे निळा वाढवला आणि पोटाखाली तपकिरी. केस फक्त आकृतीच्या कडेला काढले, मध्ये सपाट रंग राहू दिला. प्रत्येक केस काढला तर अस्वलाचा गालिचा होतो. जलरंगात पांढरा रंग नंतर वरून लावण्यापेक्षा कागदच कोरा ठेवावा लागतो, म्हणून गळणाऱ्या प्रत्येक फुलाची जागा मी आधी पेन्सिलीने राखली. डोळा मी रंगकामाच्या पहिल्याच सकाळी करते. बरेच चित्रकार तो शेवटी करतात, पण डोळा जमला नाही तर पुढचे श्रम वाया जातात, असा माझा अनुभव आहे.

दरम्यान एक मोह मलाही झाला. दुसऱ्या पिल्लाच्या तोंडात मी एक छोटा कंदील दिला होता. पिवळ्या उजेडाने चित्र फार सुंदर दिसू लागले, आणि तीन दिवस तो कंदील मी ठेवला. चौथ्या दिवशी तो काढून पुन्हा नव्या कागदावर सुरुवात केली, कारण कंदील आल्यापासून पाहणाऱ्याची नजर टोपलीकडे जातच नव्हती.

चित्र पूर्ण झाल्यावर मी ते त्या आजीला दाखवले. ती हसली नाही. तिने टोपलीवर बोट ठेवून सांगितले की अशी वीण घातली तर फुले खालून सांडतील. अस्वलासाठी मी महिनाभर धडपडले आणि जी एक वस्तू माझ्या पदरची होती, तीच मी आठवणीवर काढली होती. नंतर बांबूकाम करणाऱ्यांच्या अंगणात दोन सकाळी बसून उभ्या कामट्या आणि आडवी वीण कशी चालते ते शिकले आणि टोपली नव्याने काढली. खोटी वस्तू सर्वांत खरी काढावी लागते, हे मला तेव्हा कळले, आणि तुम्हाला ते माझ्याइतके उशिरा कळू नये असे वाटते.

आता तुमच्या वाघाविषयी.

तुमचा हेतू वाईट नव्हता, यात मला शंका नाही. तरीही चूक झाली असे मी म्हणेन, आणि ती चूक चित्रकलेचीच आहे. दप्तर दिल्याने वाघ लहान झाला. शहरातल्या मुलाच्या खोलीत तो वाघ चालला असता, कारण तिथे वाघ हा चित्रातच भेटतो. तुमच्या काकांच्या धुऱ्यावर तो खरोखर येऊन गेला आहे. ज्या माणसाने शेजाऱ्याला गमावले आहे, त्याच्यासमोर त्या मृत्यूचे कारण खेळण्याएवढे करून ठेवले तर तो उठून जाणार, दुसरे काय करणार. तुम्ही आधी काकांकडे जा. चित्राचे समर्थन करू नका, नवे चित्र दाखवायला नेऊ नका. ‘तुमचा विचार माझ्या मनात आला नाही, हे माझे चुकले’, एवढेच सांगा आणि बसून राहा. ते बोलले तर ऐका. न बोलले तरी बसलेले वाया जात नाही.

मग वाघ काढायचाच नाही का? मला तसे वाटत नाही. आपल्या भागाने वाघाबरोबर राहण्याची रीत फार पूर्वी शोधलेली आहे. ताडोबाचे नावच ज्या तारूवरून आले असे सांगतात, तो गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केले, अशी आख्यायिका आहे. त्याचे स्थान तलावाच्या काठी झाडाखाली आहे. चंद्रपूरच्या परकोटाच्या (तटबंदीच्या) दरवाजांवर हत्तीला नमवणारे सिंहासारखे श्वापद कोरलेले आहे, आणि त्याच्यासमोर हत्ती केवढासा दिसतो हे तुम्ही जाता-येता पाहिले असेल. तिथेही खोटे एकच आहे, ते आकाराचे. पण त्याने श्वापद लहान होत नाही, वाढते. तुमच्या वाघालाही वाढू द्या. तो एवढा मोठा होऊ द्या की नांगराच्या तासांचे वावर, पांदण आणि बोडी (छोटे तळे) त्याच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत मावतील, आणि गाव त्याच्या कुशीत दिवे मालवून निजलेले असेल. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, एकाच वाघाच्या दोन बाजूही सारख्या नसतात. त्यामुळे तुमच्या गावाच्या वाटांचा वाघ दुसऱ्या कोणाचा होणार नाही. असे चित्र पाहून लोक कदाचित हसणार नाहीत, आणि वाघाच्या बाबतीत ते चालेल.

या निमित्ताने एक गोष्ट आवर्जून सांगते. असे चित्र करताना तुम्हाला ठिपके आणि बारीक रेघांनी अंग भरण्याचा मोह होईल. ती रीत १९६२ साली जन्मलेल्या, पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यापासून कागदावर आणि कॅनव्हासवर रूढ झाली. त्यांच्या नंतरच्या प्रत्येक परधान (गोंडांमधल्या गायक-कथेकऱ्यांच्या समाजातल्या) गोंड कलावंताची भरणी वेगळी असते आणि ती त्याची सहीच असते. त्यांची चित्रे मन लावून पाहा, पण ती भरणी उचलू नका. तुमच्या वाघाच्या अंगावर धानाच्या बांध्या (बांध घातलेली खाचरे) आणि सोयाबीनची तासे असू द्या, कारण ती तुम्ही चालून पाहिली आहेत.

मोकळेपणाने हसायचे असेल तर रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, आहेत. त्यांचा त्रास थोडा नाही, हातातोंडाशी आलेले पीक एका रात्रीत जाते. तरीही जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणारी माणसे त्यांच्या लबाडीच्या गोष्टी स्वतःच रंगवून सांगतात, म्हणजे ते हसू आधीपासून गावाचे आहे. बुजगावण्याला दिसामाजी ओळखू लागलेला रानडुकरांचा कळप, आणि त्यातल्या एकाच्या अंगावर बुजगावण्याचा सदरा, असे एक चित्र मला तुमच्या हातून पाहायला आवडेल. त्यासाठी मात्र डुक्कर वावरात कुठून शिरते, मानेपासून पाठीवर गेलेली त्याची केसांची आयाळ केव्हा उभी राहते, पळताना शेपटी कशी धरते, हे माहीत हवे. या विषयात तुमच्या घरात जाणकार आहे. बाबांना विचारा. पोरखेळ म्हणणाऱ्या माणसाला वाद घालून पटवता येत नाही, पण जागलीच्या रात्रींविषयी कोणी वही उघडून विचारले तर बहुतेक बाप बोलतात.

सामानाविषयी थोडक्यात. जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शक्यतो सुती लगद्याचा कागद घ्या. पातळ कागद पाणी लागताच फुगतो. बारा नळ्यांच्या पेटीऐवजी चांगल्या प्रतीच्या पाच नळ्या घ्या : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, येलो ऑकर, एक उबदार लाल आणि एक लिंबाच्या जातीचा पिवळा. चमकणारे फ्लुरोसंट रंग उजेडाने लवकर उडतात, ते विकायच्या चित्रात वापरू नका. जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद, हे गृहीत धरूनच रंग कालवा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा ॲक्रिलिक ताटलीतच वाळते. पसरट डब्यात ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग असे ठेवले तर ते बराच वेळ ओले राहते. काम पहाटे करा. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून चित्रे मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि काच लावताना ती थेट चित्राला चिकटू देऊ नका. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट असावी.

किंमत ठरवताना कागद, रंग आणि चौकट यांचा खर्च मांडा आणि त्यात तुमच्या दिवसांची मजुरी धरा, निदान वावरात जी मिळते तेवढी तरी. नातेवाइकांना भेट द्यायचे असेल तर द्या, पण अर्ध्या किमतीला विकू नका.

पुढच्या पत्रासोबत मला पूर्ण चित्र नको आहे. तुमची म्हैस बोडीतून किंवा कोठ्यातून उठते त्याची दहा टिपणे पाठवा. ती मागचा भाग उचलते त्या क्षणी तिचे डोके जमिनीलगत असते आणि पाठ उतरणीसारखी होते. पाठीवर बगळा असेल, तर तो त्या क्षणी उडतो की चार पावले वर चढून पुन्हा बसतो, तेवढे पाहून कळवा.